तालुक्याचे पान

कळमेश्वरला दैनिक येते ते नागपूरहून. अंतर वीस-बावीस किलोमीटरचे. इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. तहसील, पंचायत समिती आणि एमआयडीसी गावाला लागून, आणि पलीकडे काटोल-नरखेडपर्यंत संत्र्याचा पट्टा. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत आणि नागपूरच्या मोठ्या दैनिकांत ग्रामीण भागासाठी एक-दोन पाने राखलेली असतात. त्या पानांवर कळमेश्वरच्या वाट्याला किती जागा यावी, ती कोणी भरावी आणि खर्च कोणी सोसावा, हा या आढाव्याचा विषय. प्रश्न लहानसा वाटेल. पण प्रादेशिक दैनिकांबद्दल गेली पंचवीस-तीस वर्षे जो वाद चालू आहे, त्याच्या बहुतेक गाठी याच पानावर येऊन बसतात.

मागची शंभर वर्षे

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगताना आपण ‘दर्पण’ (१८३२) आणि ‘केसरी’ (१८८१) यांच्यापासून सुरुवात करतो. मुंबई-पुण्याबाहेरचा भाग मग परिशिष्टात जातो. विदर्भाचा प्रवाह मात्र बराच स्वतंत्र आहे. नागपूर आधी मध्यप्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि राजधानीच्या गावाला वृत्तपत्रे लागतात. १९११ सालचा इंग्रजी ‘हितवाद’ गोखल्यांच्या भारत सेवक समाजाशी जोडलेला होता. गोपाळराव ओगल्यांचे ‘महाराष्ट्र’ १९१४ मध्ये साप्ताहिक म्हणून निघाले. १९३० च्या दशकात रामगोपाल माहेश्वरींनी हिंदी ‘नवभारत’ सुरू केला. ‘तरुण भारत’ची सूत्रे १९४४ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांकडे आली. ते कादंबरीकार होते आणि १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. पुढे मा. गो. वैद्य त्याच खुर्चीवर बसले. अग्रलेख हा त्या पत्रांचा कणा होता. तालुक्याची बातमी ‘आमच्या वार्ताहराकडून’ अशा शीर्षाखाली चार ओळींत येई, तीही दोन-तीन दिवसांनी.

कळमेश्वर तालुक्याला या इतिहासात स्वतःचे एक नाव आहे, आणि ते सहसा या यादीत घेतले जात नाही. किसन फागू बनसोड यांचा जन्म १८७९ मध्ये याच तालुक्यातल्या मोहप्याचा. नागपुरात अस्पृश्यांच्या शिक्षणाचे आणि मजुरांच्या संघटनेचे काम करताना त्यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’ (१९१०), ‘विटाळ विध्वंसक’ (१९१३) आणि ‘मजूर पत्रिका’ (१९१८) ही पत्रे काढली. ‘मूकनायक’ १९२० चा, म्हणजे ही तिन्ही त्याच्या आधीची. त्यांतले एकही फार काळ टिकले नाही. ज्या वाचकांसाठी ती निघत त्यांच्याकडे वर्गणी देण्याइतका पैसा नव्हता, आणि ज्यांच्याकडे पैसा होता ते जाहिरात देणार नव्हते. प्रादेशिक पत्राच्या अर्थकारणावर पुढे जे काही लिहिले गेले, त्याची सुरुवात खरे तर इथून करायला हवी.

वळण आले ते १९७१ मध्ये. यवतमाळला १९१८ साली साप्ताहिक म्हणून निघालेले ‘लोकमत’ हे नाव जवाहरलाल दर्डांनी पुन्हा उभे केले होते, आणि १५ डिसेंबर १९७१ ला ते नागपूरहून दैनिक म्हणून निघू लागले. १९७७ मध्ये जळगाव, १९८२ मध्ये औरंगाबाद. महानगरातून जिल्ह्यांकडे जाण्याची जुनी रीत उलटी करून हे पत्र जिल्ह्यांतून वाढले. त्याच सुमारास तिकडे आंध्रात रामोजी रावांचा ‘ईनाडू’ विशाखापट्टणमहून (१९७४) निघून १९८९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळी छोट्या आकाराची पुरवणी देऊ लागला. जिल्हा पुरवणीची कल्पना देशभर पसरली ती यानंतर. विदर्भात अकोल्याच्या ‘देशोन्नती’ने शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर आपला वाचक बांधला. पुढे त्याच्या नागपूर आवृत्तीचा छापखानाही कळमेश्वर तालुक्यात, अमरावती रस्त्यावरच्या गोंडखैरीला आला. पुण्या-मुंबईच्या साखळी पत्रांनीही नागपूर आवृत्त्या काढल्या.

पान कसे भरते

वादात उतरण्याआधी हे पान तयार कसे होते ते पाहिलेले बरे, कारण निम्मे मतभेद त्या रीतीतूनच निघतात.

खिळे जुळवण्याच्या काळात तालुक्याची बातमी हाताने लिहून पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे दिली जाई. बसस्थानकावरून कार्यालयाचा माणूस पाकिटे गोळा करी. ऑफसेट आले, नव्वदीत फॅक्स आला, श्री-लिपीसारख्या प्रणालींनी पानजुळणी संगणकावर गेली, मग ईमेल. आता बातमी, फोटो आणि दुरुस्ती सगळे व्हॉट्सॲपवर येते. तालुका प्रतिनिधी मोबाइलवर टाइप करतो, डेस्कवरचा उपसंपादक ते उचलून पानाच्या साच्यात टाकतो, मथळा बदलतो, शेवटच्या दोन ओळी कापतो. वेग वाढला तसा गाळ वाढला, अशी डेस्कवर नेहमीची तक्रार असते. एकाच कार्यक्रमाचे निवेदन चार दैनिकांच्या चार प्रतिनिधींना एकाच गटावर मिळते आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या पानावर स्वल्पविरामासकट तेच दिसते.

छपाईला क्रम असतो. लांबच्या जिल्ह्यांची डाक आवृत्ती आधी, शहर आवृत्ती शेवटी. गडचिरोलीच्या वाचकाला रात्री उशिराची बातमी एक दिवस शिळी मिळते. कळमेश्वर जवळ असल्याने गठ्ठे उशिरा निघूनही पहाटे पोचतात. रात्री अकराला झालेला अपघातही सकाळच्या अंकात सापडतो. या जवळिकीची दुसरी बाजूही आहे. गडचिरोली, चंद्रपूर यांना जिल्हा म्हणून स्वतंत्र पुरवणी मिळते. कळमेश्वर मात्र शहराच्या सावलीत, बाकीच्या ग्रामीण तालुक्यांबरोबर एकाच पानावर जागा मागत उभे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन नागपूरला भरले की ती जागाही आक्रसते. मंत्री आले की तालुका मागे सरतो, हा दरवर्षीचा अनुभव आहे.

अंक दारात पोचवणारा वितरकही विसरू नये. एजन्सी घ्यायला अनामत भरावी लागते, मोबदला प्रतीमागे कमिशनवर, न विकलेल्या अंकांच्या परताव्याला मर्यादा. वर्गणी थकली तर ती त्याची. सायकलवरून अंक टाकणारी मुले मिळेनाशी झाली आहेत, हे कारण मला संपादकीय कारणांइतकेच वजनाचे वाटते.

स्थानिकीकरण: दोन बाजू

जिल्हा पुरवण्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम मांडणी रॉबिन जेफ्री यांची. २००० साली आलेल्या ‘इंडियाज न्यूजपेपर रेव्होल्यूशन’मध्ये त्यांनी दाखवले की साक्षरता, ऑफसेट आणि स्थानिक जाहिरात या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा भारतीय भाषांची पत्रे खेड्यात पोचली. त्यामुळे ज्यांचे नाव कधी छापून येत नव्हते ती माणसे बातमीचा विषय झाली. मराठीवर त्यांनी १९९७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त स्वतंत्र लेख लिहिला होता. धापेवाड्याच्या आषाढी यात्रेतली पाण्याची गैरसोय, मोहप्याच्या रस्त्याचे रखडलेले काम, संत्र्याची गळ हे विषय अग्रलेखाच्या जमान्यात पानावर येणे अवघड होते. आता ते येतात आणि बातमी आली की तहसीलदारांकडे विचारणा होते. ग्रामपंचायत सदस्याला प्रसिद्धी हवी असते, म्हणून तो कामही करतो, असेही या बाजूचे लोक सांगतात. त्यात तथ्य आहे.

सेवंती नैनन यांनी २००७ च्या ‘हेडलाइन्स फ्रॉम द हार्टलँड’मध्ये हिंदी पट्ट्याचा अभ्यास करून दुसरी बाजू पुढे आणली. पुरवण्या इतक्या बारीक कापल्या गेल्या की शेजारच्या जिल्ह्यात काय घडते ते वाचकाला कळेनासे झाले. राज्यभर एकाच प्रश्नावर मत तयार होण्याची शक्यता त्यामुळे घटते. विदर्भात हे ताडून पाहण्यासारखे आहे. काटोलच्या बागायतदाराला आणि वरूडच्या बागायतदाराला संत्र्याचा तोच रोग, तोच व्यापारी, तोच पडलेला भाव. पण एक नागपूर ग्रामीणच्या पानावर, दुसरा अमरावतीच्या. दोघांची बातमी समोरासमोर येते ती फक्त रस्ता अडवला तर.

दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. नैनन यांचा मुद्दा हिंदी पट्ट्यातून आलेला आहे आणि मराठीत जिल्हा पानांवर तेवढे खोल क्षेत्रकाम झालेले नाही. विदर्भाला वेगळ्या राज्याच्या मागणीमुळे आणि अनुशेषाच्या चर्चेमुळे एक सामायिक विषय कायम राहिला, म्हणून इथे तुकडे पडण्याचा वेग कमी असावा, असा माझा अंदाज आहे. तो तपासून पाहायला हवा.

वार्ताहर की वसुली?

सर्वांत अवघड गाठ ही. तालुका प्रतिनिधी सहसा पगारी नसतो. त्याचे किराणा दुकान असते, विमा एजन्सी असते, खासगी शिकवणी असते. दैनिक त्याला मानधन देते ते नाममात्र, आणि कमाईचा खरा भाग जाहिरातीवरच्या कमिशनमधून येतो. नेत्याचा वाढदिवस, स्वातंत्र्यदिन, दिवाळी, दैनिकाचा वर्धापनदिन या दिवशी ‘शुभेच्छा’ची पाने निघतात आणि प्रत्येक तालुक्याला उद्दिष्ट दिले जाते. जाहिरातदाराने पैसे थकवले की वसुलीचा तगादा प्रतिनिधीकडे येतो.

आता हाच माणूस ज्या सरपंचाकडून, कंत्राटदाराकडून, शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षाकडून शुभेच्छा जाहिरात घेतो, त्याच्याविरुद्धची बातमी कशी देणार? टीकाकारांचा प्रश्न इतका सरळ आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापलेला स्तुतिपर मजकूर समोर ठेवला आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घराघरात गेला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, म्हणजे परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने आधी त्याची आटोपशीर आवृत्तीच स्वीकारली. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर खुला झाला. निवडणूक आयोगाने जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमल्या. त्या फक्त निवडणुकीच्या काळात जाग्या होतात, वाढदिवसांची पाने त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

व्यवस्थापनांचे म्हणणेही ऐकून घ्यावे. विदर्भात ११ जिल्हे आणि १२० तालुके. प्रत्येक तालुक्यात पगारी पत्रकार ठेवायचा तर अंकाची किंमत कुठल्या कुठे जाईल, आणि ती द्यायला वाचक तयार नाही. शिवाय दुकानदार-प्रतिनिधीला गाव जितके माहीत असते तितके बाहेरून पाठवलेल्या पदवीधराला नसते. प्रतिनिधींचे स्वतःचे मत आणखी वेगळे असते. अनेकांना ओळखपत्राने मिळणारी प्रतिष्ठा हवी असते आणि जाहिरातीच्या कामाचा त्यांना कमीपणा वाटत नाही. त्यांची तक्रार आहे ती संरक्षणाची. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकार कोण, हे ‘मुख्य व्यवसाय’ कोणता यावर ठरे. दुकान चालवणारा त्यातून आपोआप निसटतो. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्या उचलून धरल्या, पण त्याचा कळमेश्वरच्या प्रतिनिधीशी संबंध फारसा आलाच नाही. आता तो कायदाही २०२० च्या कामगार संहितेत सामावला आहे. हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला प्रकल्पविरोधी बातम्या देणाऱ्या शशिकांत वारिशे यांचा जीव गेला. ते छोट्या पत्राचे स्थानिक पत्रकारच होते.

माझ्या मते जाहिरात आणि बातमी ही दोन कामे दोन माणसांकडे देणे ही किमान गोष्ट आहे आणि ती परवडते. काही दैनिकांनी ती अंशतः केलीही आहे. पण हे मत झाले. तसे केल्यावर तालुक्याची बातमी सुधारली की नुसती आटली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

किंमत आणि जाहीर सूचना

अंकाची किंमत छपाईच्या खर्चाहून कमी असणे हे आता कोणाला विचित्र वाटत नाही. बक्षीस योजनांचा काळ आठवावा. रोज पहिल्या पानावरचे कुपन कापून तक्त्यावर चिकटवायचे, एक हुकले की शेजाऱ्याकडे मागायचे, आणि शेवटी बादली किंवा डबा घेऊन यायचा. घरात एकाऐवजी दोन पेपर सुरू झाले ते कित्येकदा अशा डब्यांसाठी. छोटी पत्रे या शर्यतीत दमली.

त्यांना वाचवण्याचा प्रयत्न पूर्वी झाला होता, आणि तो ज्या खटल्यात कोसळला तो मराठीच होता. पहिल्या प्रेस आयोगाच्या शिफारशीवरून १९५६ चा किंमत-पृष्ठ कायदा आला. किती पानांना किती किंमत, हे सरकार ठरवणार, म्हणजे मोठ्यांना स्वस्तात जाडजूड अंक देता येणार नाही. १९६० चा आदेश निघताच नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालय गाठले आणि १९६१ मध्ये कायदा व आदेश दोन्ही रद्द झाले. खप हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे तत्त्व तिथे पक्के झाले. निकाल योग्यच होता, असे आज बहुतेक मानतात. लहान पत्रांचे काय, हा प्रश्न त्याने सोडवला नाही आणि तो त्याचा विषयही नव्हता.

तो भार मग सरकारी जाहिरातींवर आला. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवर असलेल्या पत्रांना शासनाच्या जाहिराती मिळतात. एका बाजूचे म्हणणे, या आधाराशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतली छोटी दैनिके उद्या बंद पडतील आणि दोन-तीन साखळ्याच उरतील. दुसरी बाजू म्हणते, याच आधारावर फाइलपुरत्या प्रती छापणारी पत्रे जगतात आणि सरकारला नाराज करण्याची कोणाची छाती होत नाही. दोन्ही गटांना एकमेकांची उदाहरणे तोंडपाठ असतात.

यातला एक भाग कमी बोलला जातो, तो म्हणजे कायद्याने सक्तीच्या सूचना. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ नुसार प्राथमिक अधिसूचना त्या परिसरात खप असलेल्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले. बँकेने तारण मालमत्तेचा ताबा घेतला तरी दोन पत्रांत सूचना, एक स्थानिक भाषेत. पर्यावरणविषयक जनसुनावणीची जाहिरात २००६ च्या अधिसूचनेनुसार एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात, किमान ३० दिवस आधी. कळमेश्वरला ही नुसती कलमे नाहीत. गोंडखैरीच्या प्रस्तावित भूमिगत कोळसा खाणीची जनसुनावणी जुलै २०२३ मध्ये झाली आणि गावकऱ्यांचा विरोध गाजला. ज्याची जमीन, ज्याची विहीर, त्याला तारीख कळण्याचे कायद्यातले एक साधन म्हणजे हे पान. ‘दैनिक घरोघरी वाचले जाते’ हे या कायद्यांनी गृहीत धरले आहे. ते आज कितपत खरे? सूचना संकेतस्थळावर टाकाव्यात, म्हणजे खर्च वाचेल, असे म्हणणारे वाढत आहेत. संकेतस्थळ रोज उघडून पाहणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. पण बारीक टायपातली सूचना वाचणाराही क्वचितच भेटतो, हेही कबूल करायला हवे.

मोबाइलनंतर

करोनाच्या काळात छापील पेपरचा पाया हलला. राज्य सरकारने १८ एप्रिल २०२० च्या आदेशाने घरोघरी अंक टाकण्यास मनाई केली आणि महाराष्ट्र व नागपूर श्रमिक पत्रकार संघ उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. पुढे बंदी सैल झाली, पण बंद झालेले सगळे पेपर परत सुरू झाले नाहीत. २०२२ मध्ये वृत्तपत्रीय कागद महागला, पाने घटली, आणि पाने घटताना पहिली कात्री बहुधा ग्रामीण पानाला लागते.

छापील दैनिक संपले, असे म्हणणाऱ्यांकडे शहरातली उदाहरणे आहेत. नाही संपले, म्हणणारे गावातल्या केशकर्तनालयाकडे आणि पंचायतीच्या टेबलाकडे बोट दाखवतात, जिथे एक अंक वीस जण वाचतात. निवाडा करायला आकडे हवेत आणि तिथेच अडते. भारतीय वाचक पाहणी २०१९ नंतर कित्येक वर्षे झालीच नाही. ‘एबीसी’चे आकडे खपाचे, वाचनाचे नव्हेत, आणि तेही सभासद पत्रांपुरते. सकाळी सहाला ई-पेपरची पीडीएफ गावच्या गटावर फिरते. तिला खप म्हणायचे की चोरी, यावरही एकमत नाही.

त्याच गटांवर यूट्यूब वाहिन्या आणि पोर्टल चालवणारी तरुण मुले आली आहेत. ती वेगवान आहेत, पंचायत समितीची सभा थेट दाखवतात, आणि वाढदिवसाच्या जाहिरातींवरच जगतात. म्हणजे माध्यम बदलले, गाठ तीच राहिली. १८६७ चा छापखाना कायदा जाऊन मार्च २०२४ पासून नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला. नोंदणी सोपी झाली, पण या मुलांचा दर्जा काय, ते पत्रकार की नाही, हे त्यातून ठरत नाही.

काय बाकी आहे

अभ्यासकांपुढे कामे बरीच आहेत. विदर्भात तालुका प्रतिनिधी नेमके किती, त्यांना मिळते काय, त्यांत स्त्रिया इतक्या थोड्या का, याची साधी मोजणी व्हायला हवी. जाहिरात देणाऱ्यांच्या नावांची आणि बातम्यांत येणाऱ्या नावांची एका वर्षाची तुलना एका तालुक्यापुरती केली तरी वसुलीचा वाद हवेतून जमिनीवर येईल. एखाद्या विद्यापीठ विभागाला हे काम एका वर्षात जमण्यासारखे आहे.

पण त्यासाठी पाने हाताशी हवीत. १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांना लागू झाला आणि प्रत्येक अंकाची प्रत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. एका दिवशी एकाच दैनिकाच्या अनेक उपआवृत्त्या निघतात, तेव्हा ‘अंक’ म्हणजे त्यांतला कोणता? बांधणीला सहसा जाते ती शहर आवृत्ती. नागपूर ग्रामीणचे पान ई-पेपरवर काही काळ राहते आणि संग्रह कधी काढून टाकायचा हे मालक ठरवतो. बनसोडांची पत्रे निघून शंभराहून अधिक वर्षे झाली, त्यांचे अंक शोधताना अभ्यासकांची दमछाक होते. गोंडखैरीच्या जनसुनावणीच्या आठवड्यात तालुक्याच्या पानावर कोणत्या दैनिकाने काय छापले, हे शोधायला पुढच्या दशकात कोणी बसला, तर त्याला कुठे पाठवायचे हे आज ठरवता येईल. त्यासाठी जिल्हा ग्रंथालयाला उपआवृत्त्यांच्या पीडीएफ रोज मिळाव्यात, एवढी एकच तरतूद पुरेशी आहे, आणि तिला कोणत्याही बाजूचा विरोध असण्याचे कारण दिसत नाही.